ठकीचे पट्टे आणि येसूचा खेळ

राजे होते, राज्यं होती, आणि रान थेट गावाच्या परसापर्यंत यायचं, त्या काळची ही गोष्ट. रानालगतच्या एका गावात दौलती नावाचा माळी राहायचा. साप ओळखावा तर दौलतीनंच. कुणाच्या परसात लांबडं दिसलं की त्याला बोलावणं यायचं. तो दुरूनच सांगायचा, "धामण आहे, उंदीर खाईल. राहू द्या." नाहीतर, "नाग आहे. आधी पोरं घरात घ्या."

या दौलतीला पाच वर्षांची लेक होती, ठकी. मोठी चुणचुणीत. बापानं तिला सापांची नावं शिकवली, आणि मग काय विचारता! पाहुणा ओट्यावर टेकला रे टेकला, की हाक यायची, "ठके, म्हणून दाखव." ठकी हात मागं बांधून सांगायची, "धामण, दिवड, कवड्या बिनविषारी. कवड्याचे पट्टे मानेपासून, विषारी मण्यारीचे मानेच्या बरेच खाली." पाहुणे तोंडात बोट घालायचे आणि दौलतीची छाती फुगायची.

ठकीची आई येसू मात्र कपाळाला हात लावायची. "अहो, एवढ्याशा पोरीला पट्टे कशाला? लांब व्हायला शिकवा."

"ज्याला कळत नाही तो भितो, येसू," दौलती मिशीत हसायचा.

येसू वाद घालत बसली नाही. धान्य निवडता निवडता तिनं लेकीशी एक खेळ मांडला. ती म्हणायची, "लांबडं दिसलं, थांब थांब." ठकी जागच्या जागी खांब व्हायची. मग "मागं मागं, लांब लांब" म्हणत उलट्या पावलांनी सरकायची आणि शेवटी ओरडायची, "आई, ये!" रोज खेळून तो खेळ पोरीच्या अंगात इतका मुरला, की तोंडात भाकरीचा घास असला तरी ती खेळ अर्धा सोडत नसे.

एके दुपारी गावचे पाटील आले. दौलतीनं लेकीला हाक मारली. परसातून उत्तर आलं, "थांबा बाबा, कवड्याचे पट्टे बघतेय."

दौलती धावला. सरपणाच्या ढिगाशी ठकी उकिडवी बसली होती. तिच्यासमोर वीतभर अंतरावर काळं, पांढऱ्या पट्ट्यांचं वेटोळं होतं. शेपटीकडचे पट्टे ठसठशीत होते, म्हणजे ही मण्यार. मान एका ढलपीखाली गेली होती, म्हणून पोरीला कळेना.

"ठके, मागं ये," दौलती कसाबसा म्हणाला.

"मान दिसली की येते," म्हणत तिनं ढलपी उचलायला हात पुढं केला. हौस बापानंच लावलेली, आता ती बापाचं ऐकते थोडीच.

तेवढ्यात मागच्या दारातून येसूचा आवाज आला, रोजच्यासारखाच, धान्य निवडतानाचा. "लांबडं दिसलं, थांब थांब."

ठकीचा हात जिथल्या तिथं थांबला. "मागं मागं, लांब लांब," ती पुटपुटली, उठली आणि उलट्या पावलांनी सरकत आईच्या पदराला येऊन टेकली. मग राहिलेलं ओरडली, "आई, ये!" येसूनं तिला इतकं घट्ट धरलं, की पोर म्हणाली, "आई, दुखतंय."

दौलतीला रडू आवरेना. "येसू, कौतुकापायी मी पोर घालवलीच होती."

"पुसा डोळे," येसू म्हणाली, "आणि तुम्हीही खेळ शिकून घ्या."

दिवेलागणीला मण्यार आपल्या वाटेनं रानात गेली. ती जाईपर्यंत दौलती दुरून राखण करत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं सरपण घरापासून लांब, उंच माचीवर रचलं.

पुढं पाटील पुन्हा आले, तेव्हा अंगणात त्यांच्या बैलाचं दावं पडलं होतं. ते पाहताच ठकी खांब झाली, मागं सरली आणि आईला हाक मारून मोकळी झाली. पाटील पोट धरून हसले. "काय गं, सापांची नावं घडाघडा म्हणायचीस, आणि साधं दावं ओळखता येईना?"

"खुशाल हसा, पाटील," दौलती म्हणाला. "दावं आहे की साप, ते बघायला मी आहे. तिचं काम तिनं चोख केलं." आणि पाहुण्यांसमोर त्यानं लेकीला खांद्यावर घेतलं.

म्हणून सांगणं एवढंच: साप ओळखावा मोठ्यांनी, लेकरांनी आधी लांब व्हावं आणि मग हाक मारावी.