रजेवरची खुर्ची

पुण्यातल्या एका बड्या कंपनीत नोकरकपात सुरू झाली. मोठे साहेब दिघावकर यांनी विभागप्रमुख मृदुला केंजळेला बोलावून विचारलं, "तुमची शलाका बाळंतपणाच्या रजेवर आहे. तिच्यावाचून काम अडलं का?"

"नाही, साहेब. सगळ्यांनी सांभाळून घेतलं."

"मग तिला ठेवायचं कशाला?"

उलट बोलावं तर मृदुलाचीही नोकरी जायची. तरी ती शांतपणे म्हणाली, "साहेब, गेल्या वर्षी तुम्ही पाठीच्या उपचारांसाठी महिनाभर केरळात होतात. तेव्हाही काम अडलं नाही. पण तुमची खुर्ची हलवा, असं कुणी म्हटलं नाही."

दिघावकर आधी लालबुंद झाले, मग खो खो हसत सुटले.

"हरलो बुवा! राहू दे तिची नोकरी."

बाहेर येताच मृदुलाने शलाकाला फोन लावला. पलीकडून बाळाचं रडणं ऐकू आलं. "तुझी नोकरी शाबूत आहे," मृदुलाने सांगितलं आणि शलाकाचा जीव भांड्यात पडला.