धुक्याच्या गावातली गंजी

फार जुन्या काळची ही गोष्ट. एका कोरड्या माळरानावर बयाजी नावाचा शेतकरी राहत होता. तिथे पाऊस जेमतेम, ऊन मात्र रखरखीत. सकाळी कापलेलं गवत संध्याकाळपर्यंत वाळून जाई. मग बयाजी त्याची गंजी रचून घट्ट दाबून टाकी, नाहीतर वारा गवत उडवून नेई. त्याच्यासारखी गंजी त्या मुलखात कुणाला जमत नसे.

त्याची लेक सारजा दूर डोंगरात, धुक्याच्या गावात दिली होती. तिचा नवरा अचानक वारला. गोठ्यात गाईवासरं होती, पण हाताशी माणूस नव्हतं. बयाजीने आपलं घर बंद केलं आणि तो लेकीकडे राहायला आला.

पाऊस सरला. उतारावरचं कमरेएवढं गवत बयाजीने कापलं आणि दुसऱ्याच दिवशी रचायला घेतलं.

सारजा हळूच म्हणाली, "आबा, इथलं गवत इतक्यात रचत नाहीत. रोज दव पडतं. उलथंपालथं करून चांगलं वाळू द्यावं लागतं. मग लाकडाच्या माचावर सैलसर रचतात, आत वारा खेळायला हवा. ओलं गवत दाबलं की आतल्या आत तापतं."

"जन्मभर मी दुसरं केलंय काय, पोरी?" बयाजी म्हणाला. "गवत ते गवत. इथलं काय वेगळं असतं?"

सारजा भारे उचलून देऊ लागली आणि बयाजीने नेहमीसारखी घट्ट दाबून गंजी रचली.

थोड्याच दिवसांत गंजीतून वाफा निघू लागल्या. सारजाने आत हात घातला आणि झटकन मागे घेतला.

"आबा, आत चुलीसारखं तापलंय!"

"उन्हानं तापलं असेल," बयाजी म्हणाला. त्या दिवशी सूर्य दिसलाच नव्हता.

शेवटी जळका वास सुटला. घाबरून बयाजीने गंजी मधोमध फोडली. आत वारा शिरला आणि भडका उडाला. गाईवासरं चरायला गेली होती, म्हणून तेवढी वाचली. वर्षाचा चारा मात्र डोळ्यांदेखत राख झाला.

"तू मला अडवलं का नाहीस?" बयाजीने विचारलं.

"माझ्यासाठी तुम्ही घर सोडून आलात, आबा. तुम्हाला कोणत्या तोंडाने अडवू?"

शेजाऱ्यांनी जमेल तेवढा चारा दिला, पण त्यांच्याही दावणीला जनावरं होतीच. उन्हाळ्यात आधी वासरं गेली. मग एकेक करून गाई गेल्या. सारजा रडली नाही. ती फक्त रिकाम्या दावणीकडे बघत राही.

पुढच्या वर्षी गवत पुन्हा दाट उगवलं. बयाजी शेजारणीकडे गेला आणि म्हणाला, "ताई, इथलं गवत कधी कापायचं, कसं वाळवायचं, मला नीट सांगा."

तिने सगळं समजावलं. बयाजीने मन लावून ऐकलं आणि घरी येऊन ओट्यावर खाली मान घालून बसला. उतारावरचं गवत उभ्याउभ्याच वाळून गेलं. ते खायला गोठ्यात कुणीच उरलं नव्हतं.

तात्पर्य: आपलं ज्ञान आपल्या हवेपुरतं खरं असतं, परक्या हवेत पाऊल टाकलं की आधी तिथल्या माणसांना विचारावं.