खणखणीत की बद्द

एका गावात, पेठेच्या अगदी टोकाला, एक तांबट राहत होता. हात दणकट, बोलणं मोजकं, मान कायम ताठ. त्याने घडवलेला हंडा तीन पिढ्या टिकतो, असं लोक म्हणत. तोही म्हणे.

पन्नास वर्षं तांब्यावर हातोडा चालवून त्याचे कान मात्र बोथट झाले होते. माणसाचं बोलणं ऐकू येई, पण भांड्याचा बारीक सूर कळेनासा झाला होता. हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. आणि तांबटाचं कानावाचून भागत नाही. हंड्याचा जोड कच्चा राहिला, तर थंड पाण्याने तो गळत नाही. चुलीवर चढला की उघडतो. आधी कळतं ते फक्त ठोक्यावरून. पक्का हंडा खणखणीत वाजतो, कच्चा बद्द.

त्याचं निभावत होतं ते नातीमुळे. द्वारका सात वर्षांची. सकाळी उठली की पळी घेऊन दुकानभर फिरायची आणि प्रत्येक भांड्यावर एक टोला हाणायची. कळशीपेक्षा हंडा जाड आवाजात का बोलतो? पाणी भरलं की आवाज खाली का उतरतो? विचारून विचारून ती आजोबाला भंडावून सोडी. "आबा, ह्या घागरीला सर्दी झालीय," म्हणाली की तांबट तिला गप्प बसायला सांगे. ती शाळेत गेली की गुपचूप त्या घागरीचा जोड उकलून पुन्हा बसवी.

त्या वर्षी शाळेतल्या गुरुजींनी नवी रीत काढली. पाढा म्हणेल त्याला एक बत्तासा. द्वारका बत्तासा नाचवत घरी आली, आणि तांबटाला ते लागलं. नात माझी, आणि तिच्या शिकण्याचं कौतुक गुरुजींनी करायचं? त्याने गुळाची बरणी आणून ऐरणीशेजारी ठेवली. भांडं वाजवून सांगितलं की गुळाचा खडा.

पोरीने 'खणखणीत' म्हटलं की तांबट खूश होई आणि मोठा खडा देई. 'बद्द' म्हटलं की दुप्पट काम वाढे, कपाळाला आठी पडे आणि खडा लहान निघे. पोरगी हुशार. आठ दिवसांत दुकानातलं एकूण एक भांडं खणखणीत वाजू लागलं.

प्रश्नही थांबले. पळी आपली चुलीपाशी पडून.

एक दिवस त्याने तिला शेजारगावच्या लग्नासाठी केलेला मोठा हंडा ऐकायला बोलावलं. ती दारातूनच म्हणाली, "आबा, मोठा आहे. खडे किती?"

तांबटाला हसू आलं. तेव्हाच भीती वाटायला हवी होती. त्याने दोन कबूल केले. तिने जाता जाता एक टोला हाणला, खणखणीत म्हणाली आणि खडे घेऊन पसार झाली.

लग्नाच्या दिवशी पहाटे पाणी तापलं, जोड उघडला, चूल विझली आणि अंगणात राखेचा चिखल झाला. सगळं वऱ्हाड अंघोळीवाचून खोळंबलं. वरबाप म्हणाला, "तांबटबुवा, आम्ही हंडा सांगितला होता, झारी नव्हे."

मांडव हसला. तांबटाची मान पहिल्यांदा खाली गेली. पाचव्या दिवशी त्या घरी पूजा होती. तोवर नवा हंडा आणून देतो, नाही जमलं तर हातोडा खाली ठेवतो, असं सांगून तो निघाला.

घरी येऊन त्याने नातीला समोर बसवलं.

"तो हंडा बद्द वाजत होता?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"खणखणीत म्हटलं की तुम्ही मोठा खडा देता."

तिच्या तोंडावर भीती नव्हती. जे शिकवलं ते तिने केलं होतं. चूक कुणाची, हे कळायला शाळा शिकावी लागत नाही. तांबटाने बरणी उचलली आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

नवा हंडा घडला. त्याने नातीला हाक मारली. गूळ नाही म्हटल्यावर ती खेळायला निघून गेली. त्याने पुन्हा बोलावलं नाही. हंडा टांगला, ठोका दिला, कान लावला. पुन्हा ठोका, पुन्हा कान. असं कितीतरी वेळ चाललं. अखेर मागे पावलं वाजली.

"आबा, काय करताय?"

जे बायकोलाही सांगितलं नव्हतं, ते तांबट बोलून गेला. "मला ऐकू येत नाही, पोरी. हा काय म्हणतो, कळत नाही."

द्वारका धावत जाऊन पळी घेऊन आली.

जोडापाशी सर्दी निघाली. त्याने जोड उकलला, पुन्हा बसवला. पुन्हा सर्दी. तीनदा उकलला. मधल्या वेळात प्रश्नांची सरबत्ती. वर वेगळा आवाज का, बुडाशी वेगळा का? येत होतं ते त्याने सांगितलं. येत नव्हतं तिथे येत नाही म्हणाला, आणि मग दोघांनी घागरीत पाणी भरून, ओतून, पुन्हा भरून ते शोधून काढलं.

शाळा बुडाली. गुरुजी रागावून दारात आले. द्वारकाने त्यांच्याच हातात पळी दिली. अर्धी भरलेली घागर, पाव भरलेली, पाऊण भरलेली. गुरुजी वाजवत बसले आणि रागवायचं विसरले. तांबटाने त्यांना गुळाची सगळी हकिगत सांगितली, स्वतःची लाज न झाकता.

दुसऱ्या दिवशी बत्तासे बंद झाले आणि अख्खी शाळा दुकानात आली. पाव, अर्धा, पाऊण, सगळं पाण्यात भिजत शिकून झालं. एवढा गोंगाट झाला की शेजारच्या सोनाराने दार लावून घेतलं.

पाचव्या दिवशी हंडा चुलीवर खदखदला. थेंब गळला नाही. वरबापाने आजोबा-नातीला आग्रहाने पंगतीला बसवलं.

जेवण झाल्यावर तांबटाने कनवटीचा गुळाचा खडा काढून नातीपुढे धरला. तिने संशयाने पाहिलं.

"हा कशाबद्दल?"

"कशाबद्दलच नाही. तुला आवडतो म्हणून."

तिने खडा तोंडात टाकला आणि वरबापाच्या घरच्या पराती वाजवायला पळाली.

तात्पर्य एवढंच: मूल आपल्या आनंदाने शिकत असेल, तर त्याला लालूच दाखवू नका. शेजारी बसा, त्याचं ऐका, आणि आपल्याला येत नसेल ते येत नाही म्हणा.