फिरंग्याच्या वखारीतला जामीन

मिठावरच्या जुलमी कराला कंटाळून खाडीकाठचे आगरी सुभेदाराविरुद्ध उठले. माणसं होती, होड्या होत्या. तोफा मात्र नव्हत्या. म्हणून त्यांचा म्होरक्या धर्माजी नाखवा थेट फिरंग्याच्या वखारीत गेला आणि तोफा उधार मागून बसला.

वखारीचा साहेब पोट धरून हसला. "बंडखोरांना उधारी? अरे, आमच्याकडे जामीन लागतो. तोही असातसा नाही, आमच्याकडून रोखीनं माल घेणारा हवा. आहे असा कोणी?"

"आहे की," धर्माजी शांतपणे म्हणाला. "सुभेदारसाहेब."

साहेबाचं हसू थांबलं. "माझी थट्टा करतोस?"

"थट्टा कशाला? आम्ही गपगुमान कर भरत होतो, तेव्हा सुभेदारानं तुमच्याकडून एक तरी तोफ घेतली होती का? आम्ही उठलो आणि त्याची माणसं रोकड घेऊन तुमच्या दारात उभी राहिली. उद्या आम्ही संपलो, की तुमचं ते गिऱ्हाईकही गेलं. आम्ही टिकू तोवर तो रोख मोजत राहील. याहून पक्का जामीन कुठून आणू?"

साहेबानं मिशी कुरवाळली आणि तोफांचं गोदाम उघडलं. तरी धर्माजी निघताना त्यानं खोचकपणे विचारलंच, "पण तो तुझा जामीन राहिलाय, हे सुभेदाराला ठाऊक आहे का?"

"अजून नाही," तोफेवरून मायेनं हात फिरवत धर्माजी म्हणाला. "तेच कळवायला तर ही नेतोय."