म्हाळूच्या कबरीवरचा भंडारा

"कुलूप कुणी घातलं?"

"मी घातलं, बाबा. किल्ली माझ्या खिशात आहे."

रत्नाकरनं हे अशा थाटात सांगितलं, की आता पाठीवर शाबासकीची थापच पडायला हवी. नगरला शिकून, परीक्षेत पहिला नंबर काढून तो खडकवाडीच्या ख्रिस्ती मंडळीत सुवार्तिक म्हणून आला होता. जेमतेम चार महिने झाले होते. म्हातारे शांतवनबाबा तिथले पाळक, आणि त्यांच्या हाताखाली रत्नाकरनं शिकावं असं ठरलं होतं. पण आपल्याला शिकायचं काही उरलंय असं या पठ्ठ्याला वाटत असेल तर शपथ!

कबरस्तानाच्या कुलूप घातलेल्या फाटकाबाहेर दोघं उभे होते; जवळच एक म्हातारी उन्हात बसली होती. पदराच्या टोकाला मारलेली गाठ तिनं हातात गच्च धरली होती.

"ठकूबाईला बाहेर काढलंस?"

"दंडाला धरून काढलं! तिनं काय केलं ते तर ऐका, बाबा. दुपारी तीन गावची माणसं येणार. आज स्तेफनचा स्मरणदिन. मी पहाटे उठून त्याच्या कबरीला स्वतःच्या हातानं चुना दिला. बादली भरायला विहिरीवर गेलो, परत येतो तर ही बया कबरीवर भंडारा फासून बसलेली! खंडोबाचा भंडारा! आणि कुणाच्या कबरीवर? स्तेफनच्या!"

आता राग यावा अशीच गोष्ट होती, उगाच नाही कशाला म्हणा. स्तेफन हा ठकूबाईचा एकुलता एक मुलगा म्हाळू. जन्मला तेव्हाच तिनं त्याला खंडोबाला वाघ्या म्हणून वाहिला होता. त्यानं जन्मभर देवाचा भंडारा वाहायचा, वारी मागायची. तो मोठा झाला आणि भंडाऱ्याची पिशवी खाली ठेवून त्यानं बाप्तिस्मा घेतला, स्तेफन झाला. पुढं सहा वर्षांनी पटकीची साथ आली. तीन दिवसांत गावातली अकरा माणसं गेली. देव कोपला आणि तो म्हाळूमुळं कोपला, असं गावानं ठरवून टाकलं. त्याला ओढत देवळापुढं नेलं. एक चिमूट भंडारा कपाळाला लाव, सोडतो, म्हणाले. त्यानं लावला नाही. मग दगडांनी काय करायचं ते केलं. पुरता पंचवीस वर्षांचाही नव्हता.

"एका चिमटीपायी जीव दिला त्यानं!" रत्नाकरचा आवाज चिरकला. "आणि तीच चिमूट त्याच्या डोक्यावर? हा त्याचा दुसऱ्यांदा खून आहे, बाबा! आई असली म्हणून काय झालं? आणि तुम्ही... तुम्ही तेरा वर्षं हे चालू दिलंत!"

बाबांची नजर त्याच्या हातांवर गेली.

"बोला ना!"

"हात दाखव."

"काय?"

"तुझे हात दाखव."

रत्नाकरनं हात पुढं केले. मनगटापर्यंत लालभडक झाले होते. हळदीला ओला चुना लागला की ती लाल होते, हे घरात कुणालाही विचारा. त्यानं काथ्यानं घासघासून भंडारा काढायला घेतला, तसा तो कबरभर पसरला. वरून चुन्याचा आणखी एक हात दिला, तर लाल डाग त्यातूनही वर आला.

"धुतले," तो पुटपुटला. "जात नाही."

बाबा त्या हातांकडं बघत राहिले... आणि मग त्यांच्या कपाळाची शीर ताठ झाली. चार महिन्यांत रत्नाकरनं त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. तो आज ऐकला.

"चंपाषष्ठीला हिच्या घरी भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. आधी देवाला, मग माणसांना. देवापुढं ठेवलेलं म्हाळू खायचा नाही. तर ही काय करायची, आहे ठाऊक? आधी त्याला पोटभर जेवू घालायची आणि मागून देवाला दाखवायची! ज्या देवाच्या नुसत्या नावानं चळाचळा कापते, त्याला मागचं ताट! सहा वर्षं केलं तिनं हे. तू केलंयस कुणासाठी असं काही? निदान एकदा?"

"पण बाबा, भंडारा..."

"गप बस! देवळापुढं त्याला धरलं, तेव्हा ती चिमूट कुणाच्या हातात दिली होती?"

रत्नाकरला माहीत नव्हतं. दुपारी वाचायला त्यानं रक्तसाक्षी स्तेफनचं चरित्र लिहिलं होतं, चांगली चौदा पानं. त्यात हे कुठंच नव्हतं.

"हिच्या हातात दिली. तू लाव म्हणाले. लाव आणि पोराला घरी घेऊन जा. त्याचे दोन्ही हात मागं बांधलेले. हिनं नुसतं बोट टेकवायचा अवकाश होता."

"मग?"

"म्हाळूनं तिच्याकडं बघितलं. मान हलवली. नको..."

म्हातारीनं पदर डोक्यावर पुढं ओढून घेतला.

"तिनं मूठ मिटली. लोकांनी झिंज्या उपटल्या, लाथा घातल्या, नाही नाही ते बोलले. मूठ उघडली नाही. मग दगड सुरू झाले."

"हे... हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कोण कशाला हवं? कडब्याच्या गंजीमागं मीच होतो ना! त्याचा पाळक!" बाबांनी स्वतःच्या छातीवर मूठ मारली. "पहिला दगड पडला आणि जो पळालो, तो नदी ओलांडूनच थांबलो."

रत्नाकरचा राग मघापासून म्हातारीवर होता. आता तो कुणावर काढावा हे त्याला कळेना. लाल हातानं त्यानं खिशातली किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. फाटक करकरलं. तो ठकूबाईपुढं उकिडवा बसला.

"ठकूआई, त्या दिवशी नाही लावला... मग आता का लावता?"

म्हातारीनं त्याच्याकडं बघितलं. दंड चोळला.

"तवा त्यो नगं म्हनला. म्या आयकलं." तिनं पदराच्या गाठीतला भंडारा चाचपला. "आता कायबी म्हनत न्हाई."

गुडघ्यावर हात टेकत ती उठली. फाटकापाशी आली, पण पाऊल आत टाकेना. सकाळी दंडाला धरून काढलेलं तिच्या ध्यानात होतं.

"जाऊ का रं बाबा आत?"

रत्नाकर उठला. त्यानं मागं वळून बघितलं. बाबा आत गेले नव्हतेच. ते पायातल्या वहाणा काढून, ठकूबाईच्या मागं उभे होते.

"बाबा, हिला काय सांगू?"

"काही सांगू नकोस. किल्ली तिच्या हातात दे. आणि यापुढं आत जायचं झालं तर तिला विचारून जात जा... मी तेरा वर्षं विचारूनच जातो."