फाटक्या हातमोज्याला पिवळी टेप

मुलाम्याच्या कारखान्यातल्या बोल्ट धुण्याच्या, कातडी जाळणाऱ्या उकळत्या कॉस्टिकच्या टाकीपाशी उभं राहिलं, की कुंदाबाई बाह्या खाली ओढून घ्यायच्या. मनगटावर जुन्या शिंतोड्याचा डाग होताच. त्यात नवे मॅनेजर हिंगमिरे साहेब पिवळ्या टेपचं खोकं घेऊन आले.

"बोल्टचे आटे आता या टेपने झाकायचे. रबरी बुचं बंद! आट्यांत मुलामा शिरला, तर उद्यापासून घरी बसायचं."

"साहेब, गरम कॉस्टिकमध्ये ही टेप सुटते हो," कुंदाबाई म्हणाल्या.

"मी निवडलीय ती! थेंबभर आत जाणार नाही. मला शिकवू नका."

  कुंदाबाईंनी कोपऱ्यातला फाटका, कोपरापर्यंतचा हातमोजा उचलला, भोकावर तीच टेप घट्ट चिकटवली आणि मोजा साहेबांपुढे धरला.

"टाकीतल्या जाळीवर एक बोल्ट पडलाय. तेवढा काढून द्या, लगेच कामाला लागते. मोजा तुमच्याच मापाचा आहे."

साहेबांनी वाफेकडे पाहिलं, मग मोज्याकडे. त्यांचा हात काही खिशातून बाहेर येईना.

"ती बुचं," ते हळूच म्हणाले, "फेकली तर नाहीत ना?"