दरीतल्या वेलीचा अर्क

"मग ससा झोपला की नाही?"

रेवणगिरी महाराजांनी हे दुसऱ्यांदा विचारले. भार्गव हसला. काशीला वैद्यक शिकून तो मठात परतला होता, आणि दरीतल्या एका वेलीच्या मुळीचा अर्क काढण्यात त्याने सारा उन्हाळा घालवला होता.

"झोप काय, महाराज, अफूनेही येते. हा शांत झाला. डोळे उघडे, श्वास चालू. सुई टोचली, हलला नाही. शेवटी अंगावर कुत्रा सोडला, तरी तसाच बसून."

"आणि कुत्रा?"

भार्गव अडखळला. "कुत्र्याने हुंगले... आणि शेपूट घालून पळाला. अजून पिंजऱ्याकडे फिरकत नाही."

महाराजांनी हातातली जपमाळ खाली ठेवली.

"नसा निवतात, महाराज. आता दुःख म्हणून कुणाला उरणार नाही. आज सकाळी राहीलाही अर्क दिला."

राही डोंगराच्या पायथ्याला राहायची. तिची लेक गोदी डोहात बुडाली, तेव्हापासून राहीचा आक्रोश वर मठापर्यंत ऐकू यायचा.

महाराजांनी कान दिला. खालून काहीच ऐकू येत नव्हते...

"चल," ते म्हणाले.

भर दुपारी दोघे खाली उतरले. राही ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. डोळ्याच्या कडेला माशी बसली होती. तिने ती हाकलली नाही.

"या, महाराज." ती गोड हसली.

"राही, गोदी कुठं गं?"

"गोदी? ती मेली की. डोहात." तिने एक खडा टिपून बाजूला टाकला. "यंदा तांदळात खडे फार."

एवढ्या उन्हातही भार्गवच्या अंगावर सर्रकन काटा आला. असेच डोळे त्याने पिंजऱ्यात पाहिले होते.

"उतारा नाही माझ्याकडे," तो पुटपुटला. "पण उतरेल ना, महाराज? आपोआप... उतरेल ना?"

महाराज राहीशेजारी खाली बसले. तिचा हात त्यांनी हातात घेतला आणि ऊर फुटल्यासारखे मोठ्याने रडू लागले. राही मान कलती करून त्यांच्याकडे बघत राहिली, अनोळखी पाखराकडे बघावे तशी.

भार्गवला ते पाहवेना. "महाराज, तुम्ही संन्यासी... तुम्ही का रडता?"

महाराजांनी त्याच्याकडे पाहिले नाही. त्यांची नजर त्याच्या पाठीमागे, अंगणाच्या कवाडाकडे होती.

"कुणीतरी रडायला नको का रे? पोर केव्हाची ओलेत्याने दारात उभी आहे."